तबकडीवाल्यांचं बोलणं

३ जून

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आईशी फोनवर बोलणं होतं. तुम्हाला आता काहीच ऐकू येत नाही, म्हणून तुमच्या वाट्याला माझं हे किरटं अक्षर.

आमच्या चित्रपट संग्रहालयात गंजलेल्या डब्यांतून एक काळा-पांढरा सिनेमा निघालाय, ‘तबकडीवाले’. परग्रहावरचे लोक पृथ्वीवर स्वारी करतात आणि सगळं जग सोडून एका पाण्याच्या टाकीवर ताबा मिळवतात. तबकडी म्हणजे एकमेकींवर पालथ्या घातलेल्या दोन ताटल्या. वरचा दोरासुद्धा दिसतो. परग्रहवाल्यांच्या अंगात रेनकोट, डोक्यावर दिव्यांचे काचेचे गोल. मी पोट धरून हसत होते, तेवढ्यात पडद्यावर ‘ध्वनी’ असं आलं आणि खाली तुमचं नाव! बाबा, हे आम्हाला कधी बोलला नाहीत ते?

चित्र बऱ्यापैकी टिकलंय, पण आवाजाची पट्टी पार सडली आहे. सिनेमा पुन्हा दाखवायचा तर आवाज नव्यानं करावे लागतील. तबकडी उतरताना काय वाजायचं? आणि ते टाकीवर चढून एवढा वेळ बोलतात, ते काय?

दिवसभर खिडकीशी बसून असता असं कळलं. बसा, पण हातात कागद घेऊन.

तुमची,
भिंगरी

१० जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

सांगण्यासारखं काय होतं त्यात? निर्माता सायकलदुकानदार, टाकी त्याच्या मेहुण्याच्या कारखान्यातली आणि रेनकोट ज्याचे त्याचे. आम्हाला मात्र वाटायचं, जग हादरणार.

तबकडीसाठी पत्र्याच्या टबात पाणी घेऊन त्यात लोखंडी साखळी फिरवायचो, टबाला बाहेरून मायक्रोफोन चिकटवून. घातक किरण म्हणजे विजेच्या खांबाला ताण देणारी तार. तिच्यावर किल्ली मारली की जो सणसणाट निघतो, तसा दुसऱ्या कशातून निघत नाही. परवा जाऊन मारून पाहिली. ऐकू काही आलं नाही, पण दातांत धरलेली काडी तारेला टेकवली तर कवटीत सगळं वाजलं! किती दिवसांनी गं! वायरमननं मला तिथून हाकललं, ती गोष्ट वेगळी.

बोलणं आम्ही टेप उलटी फिरवून केलं होतं. बोललं कोण, ते आईला विचार.

पत्रं लांबलचक येऊ देत. मला वेळच वेळ आहे.

तुझे,
बाबा

१४ जून

चि. भिंगरीस आईचे आशीर्वाद.

काय खूळ भरवलंस गं ह्यांच्या डोक्यात? टब दिवाणखान्यात, चाळणी पंख्याला बांधलेली. शेजारीण दोनदा डोकावून गेली. जेवायला हाक मारायची सोय नाही, आता दिसतही नाहीत.

तबकडीवाला मीच. ह्यांच्या स्टुडिओशेजारच्या इमारतीत मी टेलिफोन ऑपरेटर होते. माझा आवाज खणखणीत म्हणून हे बोलवायला आले. काहीही बोला, उलटं ऐकवणार आहोत, कुणाला कळणार नाही, असं म्हणाले. मग काय, आमच्या सुपरवायझरबाईंची मनसोक्त हजेरी घेतली! सिनेमा लागला तेव्हा बाई माझ्याच शेजारी बसल्या होत्या आणि त्या भाषेला घाबरून माझा हात घट्ट धरत होत्या.

आता पुन्हा बोल म्हणतात. ते मला जमायचं नाही. आमच्या घरात हल्ली चिठ्ठ्या चालतात. दूध आणा, दार लावा, पाहुणे आलेत. ऐकणारं कुणी नसलं की बोलायची सवय मोडते गं. हे फोनवर बोलवेना, म्हणून लिहिलं. रागावलेली नाही मी. तू जीव लावतेस, पुरे आहे.

आई

१९ जून

ती. आईस,
सा. न.

दुसऱ्या एका बाईंचा आवाज घेऊन पाहिला. तबकडीवाले बातम्या देताहेत असं वाटलं. तूच ये. बाबा टब घेऊन इकडे यायला निघालेच आहेत, त्यांना एकट्याला पाठवू नकोस. काय बोलायचं ते तुझं तू ठरव. तू हो म्हणेपर्यंत माझा हट्ट चालू आहे असं समज.

भिंगरी

२ जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप घरी पोहोचलो. टब बसमध्ये कुणाच्या तरी पायावर पडला, त्या गृहस्थांनी मोठ्या मनानं माफ केलं.

तुझ्या त्या खोलीत मी लाउडस्पीकरच्या कागदी पडद्यावर तळहात ठेवून बसलो होतो. आई बोलायला लागली आणि तळहाताखाली पडदा थरथरला. तिचा आवाज कुठे चढतो, कुठे थांबतो, सगळं कळत होतं. शब्द तेवढे कळेनात. तू हातानं थांब म्हणून खुणावलंस तरी ती थांबली नाही, आणि सारा वेळ बघत होती माझ्याकडे.

काय बोललीस म्हणून घरी आल्यावर विचारलं, तर हसत सुटली. चिठ्ठीवर लिहून दिलं की परग्रहाची भाषा आहे, तुम्हाला कशी कळणार. झोप लागेना मला. टेप सुलटी तुझ्याकडे आहे. कळव लवकर.

तुझे,
बाबा

८ जुलै

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मी तिथंच सगळं ऐकलं होतं, पण आईला विचारल्याशिवाय तुम्हाला कळवायचा मला धीर झाला नाही. आधी नाही म्हणाली, मग तासाभरानं स्वतःच फोन करून एका अटीवर सांग म्हणाली.

टेपवर ती म्हणाली, की तुमचं ऐकू येणं गेल्यापासून ती चिठ्ठ्यांवर कामाचंच तेवढं लिहिते, कारण बाकीचं लिहायला बसलं की ते फार मोठं दिसतं. गुडघा दुखतो हे लिहिलं तर तुम्ही डॉक्टर आणाल, तिला नुसतं सांगायचं असतं. तुम्ही झोपलात की कधीकधी ती दिवसभराचं सगळं तुमच्याकडे बघून बोलून घेते. शेजारच्या मांजरीची पिल्लं, भाचीचं जमलेलं लग्न, सगळं.

आणि तुम्ही रोज दाढी करताना गाणं म्हणता. तुम्हाला ते ठाऊकही नाही. चाल साफ चुकते, पण आवाज अजून तोच आहे. ती हातातलं काम ठेवून दारामागं उभी राहते. हे एवढं तिनं चिठ्ठीवर कधीच लिहिलं नाही, कारण कळलं तर तुम्ही लाजून गप्प व्हाल.

तिची अट एवढीच आहे. पत्र मिळालं की दुसऱ्या सकाळी, काही कळलंच नाही अशा चेहऱ्यानं दाढीला आरशासमोर उभे राहा.

तुम्हा दोघांची,
भिंगरी