बाबांचं काडतूस

प्रिय रॉयस,

इतक्या वर्षांनी बहिणीचं पत्र बघून तू आधी दचकशील, मग चिडशील. हवं तर चीड, पण शेवटपर्यंत वाच. बाबांवरचा तुझा राग मला ठाऊक आहे, तरी आज त्यांच्याबद्दलच लिहिणार आहे.

परवा कोठार झाडताना त्यांची बंदुका घडवायची हत्यारं हाती लागली आणि कानांत बोटं घालून उभे असलेले आपण दोघं आठवलो. इंग्रजांनी आफ्रिकेतल्या शिकारीसाठी काढलेलं ते लांबुळकं काडतूस बाबांनी स्वतः आतून कोरून रुंद केलेल्या बंदुकीत घातलं, चाप ओढला, आणि बाहेर आलेली रिकामी पुंगळी वेगळीच होती. अंग फुगलेलं, खांदे उठलेले, आणखी दारू मावेल आणि गोळी आणखी लांब जाईल अशी. एका बारात नवं काडतूस जन्माला येतं, याचं मला अजून नवल वाटतं. तू ती उचलून हात भाजून घेतलास, पण सोडली नाहीस. शेजारचा हायरम बाबांना म्हणाला, ऑर्व्हिल, आता तू वायोमिंगात बसून मोंटानातला एल्क पाडशील. बाबा हसलेसुद्धा नाहीत, पुंगळीकडे नुसते बघत राहिले.

आणि त्याच बंदुकीतला तुझा तो बार. एवढं दांडगं हरीण, पण दरीपलीकडचा तो एल्क दुर्बिणीतही वासराएवढा दिसत होता. बार झाला, मी श्वास घेतला, मग कुठे तो कोसळला. तेवढ्यात बर्फ सुरू झालं आणि तू म्हणालास, राहू दे, दुसरा मारू. मांस रानात टाकून यायचं, हे आपल्या घरात कधी झालं नव्हतं. बाबा तुला सगळ्यांदेखत बोलले आणि तू घर सोडलंस.

पुढचं तुला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी बाबा एकटे दरी उतरून गेले. अस्वलांनी काही ठेवलं नव्हतं. परत आल्यावर त्यांनी ते बंदूक कोरायचं हत्यार ऐरणीवर ठेवून मोडलं. तुला दोष दिला नाही. एवढा लांबचा पल्ला पोराच्या हाती मीच दिला, म्हणायचे.

बाबा गेले, रॉयस. तुझा पत्ता मिळवण्यात उन्हाळा गेला. इथले शिकारी करतात तसं हायरमने त्यांची राख त्यांच्याच पुंगळ्यांत भरून दिली आहे, दरीवर उडवायला. पहिला बार तुझा, असं बाबा सांगून गेलेत. मी विचारलं, तो आलाच नाही तर? म्हणाले, "मग थांबतो की. मला आता कुठे जायचंय?"

तुझीच,
डार्ला