दुसरं सिलिंडर

रवि. १४
खाप्याला. कन्हान नदीत बुडालेल्या माणसाचा शोध, दिवस दुसरा. विन्या पाण्यात, मी काठावर डिझेल कॉम्प्रेसरपाशी. पंधरा वर्षं हीच वाटणी. पाण्याखाली श्वासाला लागणाऱ्या हवेची दोन सिलिंडर तिथेच भरायला घेतली. वारा पडलेला. बुडालेल्याची म्हातारी आई जवळच दगडावर बसलेली, सारा धूर तिच्या तोंडावर. विन्या म्हणाला, "मशीन फिरव ना गा, मायले ठसका लागून राहिला." कॉम्प्रेसरचा गाडा फिरवला. धुराचं तोंड नदीकडे केलं.
पहिल्या बुडीनंतर वर आला. "डोकं लय ठणकून राहिलं गा." मी म्हटलं, सकाळपासून उपाशी आहेस म्हणून. त्याच सिलिंडरवर परत गेला. दहा मिनिटांनी दोर हलवला, उत्तर नाही. ओढून काढला तेव्हा शुद्ध नव्हती. अजून नाही.

सोम. १५
नागपूर, हॉस्पिटल. वि. आयसीयूत, नळीवर. डॉक्टरांनी विचारलं, सिलिंडरमधली हवा कशी होती? चांगली, म्हटलं. फिल्टर मागच्याच आठवड्यात बदललाय. फुप्फुसात पाणी गेलं, असं धरून चाललेत.
बाहेर आमच्याच शोधपथकातला एक जण: "दारू मारून गेला असन." कानाखाली काढायला हवी होती. काढली नाही. का नाही?
खाप्याचा माणूस आज सापडला. स्वतःच वर आला, पुलाच्या खाली.

मंगळ. १६
दाढी करताना लक्षात आलं. गाडा फिरवला, पाइप नाही फिरवला. हवा ओढायचा पाइप नदीकडच्या बांबूलाच बांधलेला होता. मशीन आपलाच धूर ओढत होतं आणि मी तो विन्याच्या सिलिंडरमध्ये भरत होतो.
वास आला नाही, कारण फिल्टर नवा. फिल्टरमधला कोळसा वास खातो, विषारी गॅस नाही खात. नवीन येणाऱ्यांना हे मीच शिकवतो. मोठ्या तोऱ्यात शिकवतो.
अर्धी दाढी तशीच राहिली.
फिरव असं विन्या म्हणाला, हे खरं. पण पाइप कुठे आहे हे बघणं माझं काम. त्याचं कधीच नव्हतं.

बुध. १७
दुसरं सिलिंडर घरी, कूलरच्या मागे. त्याच वेळी भरलेलं, तीच हवा. वाल्व उघडला तर थोड्या वेळात रिकामं, कुणाला काही कळणार नाही. सकाळी दोनदा हात ठेवला. दुसऱ्यांदा थोडी हवा सुटलीसुद्धा. फुस्स आवाज झाला तसा वाल्व घट्ट आवळला. लाज वाटते लिहायला.
विन्याच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन. "भाऊजी, लोकं म्हणून राहिले का हे पिऊन उतरले होते. तुमी तं संगं होते. खरं सांगा." नाही वहिनी, थेंबही नाही. "मंग काहून झालं असं?" डॉक्टर सांगतील, म्हणालो. डॉक्टर कुठून सांगणार, मी सांगितल्याशिवाय.
खाप्याच्या त्या आईनेही निरोप धाडलाय. पाण्यात उतरला होता तो लेक कसा आहे म्हणून.

गुरु. १८
हॉस्पिटल, व्हरांडा. सिलिंडर जुन्या चादरीत गुंडाळून ऑटोने आणलं. वॉचमनने हटकलं. ऑक्सिजन म्हटलं तर सोडलं. खोटं बोलायची सवयच लागली. डॉक्टर अकराला येतात. त्यांना देणार, तपासा म्हणणार. चार दिवस उशीर. आता सांगून उपयोग होईल की नाही कोण जाणे. वि. तसाच आहे. माझं काय व्हायचं ते होवो, असं घरून ठरवून निघालो होतो. इथे नुसतं घड्याळ बघतोय.
पावणेअकरा. वहिनी आल्या, शेजारी बसल्या. चादरीला हात लावून पाहिला.
"काय आणलं, भाऊजी?"
हवा, म्हटलं. विन्याने घेतली ती. मी भरलेली, धूर मिसळलेली.
वहिनी उठून समोरच्या बाकावर जाऊन बसल्या.
सव्वाअकरा. डॉक्टर अजून आलेले नाहीत.