नावापुरत्या शेताची निरवानिरव

मी, बायडाबाई म्हाळू देवकते, राहणार मौजे खोकडवाडी, तालुका शिरूर कासार, जिल्हा बीड. आधारकार्डावर माझा जन्म एक जानेवारीचा आहे, गावातल्या माझ्या वयाच्या सगळ्या बायकांसारखा. अक्कल ठिकाणावर आहे. कुणाचा दबाव नाही. दबाव टाकणारा नवरा वारला. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र.

१. तळ्याचे शेत, दोन एकर. नवऱ्याने शेततळ्याचे अनुदान स्वतःच्या खात्यावर एकदा उचलले होते. दुसऱ्यांदा मिळेना, म्हणून त्याने हा तुकडा माझ्या नावे केला.

"इथं सही कर."

"कावून?"

"तळं मिळतंय."

"मला?"

"तुला न्हाई. तुझ्या नावाला."

अनुदान आले, तळे झाले, नवरा गेला. शेत परत स्वतःच्या नावे करायचे त्याच्या लक्षात राहिले नाही. मी आठवण केली नाही.

हे शेत व तळे मी माझी सून ऋतुजा हिला देत आहे. मुलगा हरिओम याने ते प्लॉटिंगवाल्याला विकायचे ठरवले आहे. बोलणी झाली आहेत, फक्त मी मरायची राहिले आहे. तळ्यातला गाळ ऋतुजा काढते, कडेचा घास ती कापते, शेळ्या ती सांभाळते. शेत गेले तर तिला पुन्हा ऊसतोडीला जावे लागेल. हरिओमही जातो. मुकादमाच्या जीपमध्ये पुढे बसतो.

२. शेळ्या ऋतुजाच्या. त्यातली काळी शेळी शिंगे मारते. ती विकू नये, पाहुण्यांच्या वाटेत बांधावी.

३. दीर गहिनीनाथ याने माझ्या तळ्याकाठी उभे राहून फोटो काढला आणि त्यावर स्वतःच्या तळ्याचे अनुदान घेतले. फोटो त्याचाच राहील. पाण्यावर त्याचा हक्क नाही.

४. किसान योजनेचा हप्ता माझ्याबरोबर बंद होईल. खुरप्याने अंगठ्याच्या रेषा पुसल्या, म्हणून ओळख पटवायला सेवा केंद्रातल्या पोराने मला मोबाइलसमोर डोळे मिचकावायला लावले. परक्या पोरापुढे या वयात डोळे मिचकावले, तेव्हा कुठे सरकारची खात्री पटली. खात्यात उरेल त्याचे तेराव्याला जेवण घालावे. पुढाऱ्यांना जेवू द्यावे, बोलू देऊ नये.

५. घर आणि नवऱ्याची बाकी जमीन हरिओमच्या नावे आधीच झाली आहे. घरकुलाचे अनुदानही त्यानेच घेतले. म्हणून या पत्रात त्याला काही नाही.

हे सर्व वकील वर्षाराणी यांनी माझ्या तोंडून उतरवले व मला वाचून दाखवले. सह्या होताना झालेले बोलणेही मी खाली लिहायला लावले.

हरिओम फोनवर प्लॉटिंगवाल्याशी बोलत होता. वकीलबाई म्हणाल्या, "आधी वाचून घ्या."

"काय वाचायचं? आईचं ते माझंच हाय की."

"ज्याला यातून काही मिळतं, त्याला आम्ही साक्षीदार घेत नाही. तुम्हाला चालेल?"

"चालतंय वो. लई टाइम न्हाई मला. कुठं करू?" मग कारकुनाला, "आण बे पेन."

ठिकाण: शिरूर कासार
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: बायडाबाई म्हाळू देवकते (अंगठा नाही, सही)

साक्षीदार:
१. दगडाबाई, शेजारीण. वाचून, तोंडाला पदर लावून सही केली.
२. हरिओम म्हाळू देवकते, मुलगा. न वाचता.