होयबाने 'नाही' म्हटल्यानंतरची व्यवस्था

मी, कुलूपवाला, वय एकसष्ट, अविवाहित, घरात आणि बाजारात 'होयबा' म्हणून ओळखला जाणारा, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण अजून रस्त्यात आहे, पोहोचायचे आहे. आमच्या जुन्या डॉक्टरीणबाईंनी आजच तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. घाईचे कारण असे की धाकट्या भावाने मला वेडा ठरवायचे घेतले आहे. एकदा तसे ठरले की माझ्या अक्षराला कोण विचारतो?

१. वेडाचा पुरावा म्हणून, मी समुपदेशक बाईंकडे जातो, असे सांगितले जाईल. जातो. पुतणीने नेले. कानस चालवताना माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होते आणि मला पत्ताच नव्हता, तिने पाहिले. पहिल्या भेटीत बाईंनी विचारले, "तुम्हाला काय आवडतं?" अहो, केवढासा प्रश्न! वडिलांना काय आवडायचे, भावाला काय, गिऱ्हाइकाला काय, हे फडाफडा सांगितले असते. स्वतःचे काही सापडेना. वेळ संपली आणि मी तसाच उठलो. परतताना रस्त्यात हुंदका आवरेना.

पुढे हळूहळू सापडत गेले. बिनसाखरेचा चहा. पहाटे एकट्याने फिरणे. मोठ्याने हसणे. बाईंनी मला 'असे करा' म्हणून कधीच सांगितले नाही, याचा मला वैतागच यायचा. त्या एवढेच म्हणत, "हो म्हणायच्या आधी जरा थांबा."

२. घरातील माझा अर्धा हिस्सा पुतणीस द्यावा. भावाला अख्खे घर विकायचे आहे. त्याने कागद पुढे केला तेव्हा मी थांबलो आणि नाही म्हणालो. तो हसला. मग हसायचा थांबला. "दादा, तुला बरं नाहीये," असे अगदी मायेने म्हणाला. तेव्हापासून घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. भावजय रात्री दूध आणते आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझी जीभ जड असते. एक अनोळखी गृहस्थ चहाला येऊन, आज वार कोणता, असे विचारून गेले. बाईंकडची माझी पुढची वेळ भावाने परस्पर रद्द केली. त्याआधीच्या भेटीत बाईंनी विचारले होते, "घरी सुरक्षित वाटतं ना?" मी न थांबता हो म्हणालो. सवय, दुसरे काय!

३. काल माझ्या खोलीच्या दाराला बाहेरून नवी कडी बसली. आज सकाळी ती लावलेली होती. भाऊ जन्मभर गल्ल्यावर बसला, त्यामुळे आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्याही आतच असतात, हे त्याच्या डोक्यात आले नाही. पिना ठोकून काढल्या, दार उचलून भिंतीला टेकवले आणि चालू लागलो, डॉक्टरीणबाईंकडून थेट दुकानात. कुलूपवाल्याला कोंडायला निघालाय, गाढव! ती कडी स्क्रूंसकट त्यालाच द्यावी. हा राग माझा स्वतःचा आहे, बाईंच्या माथी मारू नये.

४. दुकान, किल्ली पकडायचा शेगडा, कानशी आणि किल्ल्या कापायचे मशीन पुतणीस, तिला हवे असल्यास. मला हे सगळे वडिलांनी गळ्यात घातले. तुला काय व्हायचंय, असे कोणी विचारले नाही. म्हणून बाळे, नको असेल तर खुशाल नको म्हण. काकाला वाईट वाटेल म्हणून घेतलेस तर मात्र खरेच वाईट वाटेल.

५. बँकेतील शिल्लक बाईंना द्यायची होती. त्यांनी साफ नकार दिला. नकार द्यावा तर असा! आता ती पुतणीने जवळ ठेवावी आणि बाजारातल्या कोणाला बाईंसारख्या माणसाशी बोलायला जायचे असेल तर फीसाठी द्यावी. माझ्यासारखे पुष्कळ आहेत, नुसती मान हलवत बसलेले.

६. शटर वाजते आहे. भाऊ आला. चहाला आलेले ते गृहस्थ आणि आणखी दोघे सोबत आहेत, असे साक्षीला बोलावलेल्या समोरच्या चष्मेवाल्याने फटीतून पाहिले. "दादा, उघड ना. एक सही कर, मग घरी जाऊ." आवाज अगदी गोड. लहानपणी त्याला ताप आला की मी असाच गोड बोलून औषध पाजायचो. वाईट याचे वाटते की अजूनही उठून उघडावेसे वाटते.

दुसऱ्या साक्षीदार, शेजारच्या इस्त्रीवाल्या ताई, हे पाकीट घेऊन मागच्या दाराने डॉक्टरीणबाईंकडे निघत आहेत. "भाऊ, तुम्हीपण चला," असे मला म्हणतात. नाही म्हणालो. पळालो तर वेडा पळाला म्हणतील. मी माझ्या स्टुलावर बसून राहणार आहे.

७. आजच्यानंतर, मी राजीखुशीने सगळे कबूल केल्याचा एखादा कागद निघेल. त्यावर सही माझीच असेल. तो कागद खोटा मानावा.

८. मला जिथे ठेवतील तिथे पुतणीने शोधत यावे. मी म्हणेन, मी मजेत आहे. तिने विश्वास ठेवू नये.

लिहून देणार : कुलूपवाला (सही)

आमच्यादेखत सही केली, आम्हीही त्यांच्यादेखत केली :
समोरचा चष्मेवाला (सही)
शेजारच्या इस्त्रीवाल्या ताई (सही)

स्थळ : माझे दुकान, मागची खोली
दिनांक : १४ मार्च, गुरुवार