आठ नंबरचा गोल

सफाक्स,
शुक्रवार, १४ फेब्रुवारी १९९७

प्रिय बाबा,

सलाम. तुम्हाला, ताईला, आणि आपल्या गल्लीत अजून कोणी माझी चौकशी करत असेल तर त्यालाही. मी खुशाल आहे. ईदच्या शुभेच्छा पाच दिवस उशिरा पोचतायत, कारण ईदनंतर सीमेपलीकडे झुवाराला निघणारी आशूरच्या टॅक्सीची ही पहिलीच खेप, आणि तो हॉर्न वाजवत बसलाय. पत्र ताईच वाचून दाखवेल, म्हणून तिला सांगणं: अक्षराला हसू नकोस, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहितोय.

कामाचं म्हणाल तर आहे. ऑलिव्हच्या घाण्यावर दोन महिने होतो, ते सोडलं. अंगाला इतका वास यायचा की मांजरं मागे लागायची. आता टॅक्सी स्टँडवर असतो. आपल्या लिबियातून रोगी उतरले की त्यांना दवाखाना दाखवायचा, खोली बघून द्यायची, डॉक्टर काय म्हणतात ते समजावून सांगायचं. डॉक्टर अर्धं फ्रेंचमध्ये बोलतात. मला कुठे फ्रेंच येतं, पण चेहऱ्यावरून कळतं. परवा त्रिपोलीची एक म्हातारी गुडघा दाखवायला आली आणि भाचीसाठी स्थळ म्हणून एकेका डॉक्टरला विचारत सुटली. एकजण जवळजवळ तयार झाला होता.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा तुमच्या डोळ्यांचा. मी इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोललो. मोतीबिंदूच आहे म्हणाले, ताईने लिहिलेल्या खुणांवरून. दहा मार्चची तारीख दिलीय. आधी उजवा डोळा, मग काही आठवड्यांनी डावा. आता तुम्ही म्हणाल, डोळ्याला सुरी लागू देणार नाही. हे तुम्ही चार वर्षं म्हणताय. गेल्या महिन्यात तुम्ही होडीची फळी तीन बोटं आखूड कापलीत आणि मालकाने काही न बोलता दुसरी आणून दिली, हे ताईने कळवलंय. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

म्हणून आता नीट ऐका. आठ नंबर सापडला.

तोच. तुमचा. ज्याचा गोल मी लहानपणापासून रोज जेवताना ऐकला: मैदानाच्या मध्यावर चेंडू हिसकावला, दोघांना चुकवलं, आणि गोलरक्षक नमाजाला बसल्यासारखा बसून राहिला. त्या दिवशी टीव्हीचा आवाज गेला होता म्हणून अठरा वर्षं तुम्हाला त्याचं नाव कळलं नाही. नाव आहे खमैस जलूली. इथे मासळीबाजाराशेजारी त्याचं जाळ्यांचं दुकान आहे. मी त्याला तुमचं सगळं सांगितलं. म्हणाला, सीमेपलीकडे माझा असा माणूस आहे? येऊ दे, मी स्वतः दवाखान्यात भेटायला येईन.

पट्टी निघेल आणि समोर आठ नंबर. आता तरी याल ना?

आशूर ओरडतोय.

तुमचा
मासीन


सफाक्स,
मंगळवार, २५ फेब्रुवारी

प्रिय तिझीरीताई,

सलाम. हे पत्र तुझं एकटीचं. बाबांना वाचून दाखवायचं नाही. आशूरला बजावलंय, तुझ्याच हातात दे, शेजारणीकडे ठेवू नको.

तुझी चिठ्ठी मिळाली. बाबा यायला तयार झाले, कोटाला इस्त्री केली, होड्यांच्या आवारात ज्याला त्याला सांगत फिरतायत की आठ नंबर मला भेटायला येणार आहे. आता खरं सांगतो. ताई, मी त्या माणसाला भेटलोच नव्हतो. केस कापताना न्हावी बोलता बोलता म्हणाला होता की त्या काळचा आठ नंबर आता जाळी विकतो. बाकीचं मीच लिहिलं. वाटलं, जाऊन भेटू, कुठला म्हातारा खेळाडू नाही म्हणेल?

शनिवारी गेलो. दुकान म्हणजे अरुंद बोळ, आणि दोन्ही बाजूंना ऑक्टोपस धरायची मातीची मडकी छतापर्यंत. तुला माहीत आहे का, इथे ऑक्टोपसला जाळं लावत नाहीत, नुसतं रिकामं मडकं दोरीने बांधून समुद्रात सोडतात आणि तो आपणहून घर समजून आत जाऊन बसतो. मी अर्धा तास त्याच्याशी मडक्यांबद्दलच बोललो. विषय काढायचा धीर होत नव्हता. सी खमैस, इथे मोठ्या माणसाला सी म्हणतात, पन्नाशी ओलांडलेला, कमरेतून थोडा वाकलेला. त्याने चहा दिला. मग मी झुवाराच्या होड्या बांधणाऱ्या उस्ता मादींचा मुलगा म्हणून ओळख सांगितली आणि बाबा सांगतात तसा तो गोल त्याच्यापुढे म्हणून दाखवला.

त्याने पेला खाली ठेवला. विचारलं, कुठला सामना? मी सांगितलं, इथल्या राजधानीच्या संघाशी, तिकडे त्यांच्या मैदानावर, अमुक वर्षी. म्हणाला, त्या दिवशी आम्ही पट्ट्यांचे शर्ट घातले नव्हते. यजमानांच्या अंगावर पट्टे, म्हणून आम्ही पाहुणे साध्या पांढऱ्या शर्टात.

कळलं का, ताई? राजधानीवाल्यांचे पट्टे लाल-पांढरे. तेव्हाचा आपला टीव्ही काळा-पांढरा. त्यावर लाल काय आणि काळा काय. बाबांना एवढंच माहीत होतं की सफाक्सचे पट्टे काळे-पांढरे असतात. पट्टेवाल्याने गोल केला, तो सफाक्सचा, असं त्यांनी धरलं. मागून चित्रही गेलं. इकडचे निकाल आपल्या पेपरात कधी आले नाहीत. तो गोल राजधानीच्या आठ नंबरचा. आणि मध्यावर ज्याच्या पायातून चेंडू हिसकावला तो पांढऱ्या शर्टातला आठ नंबर म्हणजे सी खमैस. आठ नंबर दोन्ही संघांत असतो, हे आपल्या घरात अठरा वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एवढ्या एका गोलावर बाबा सफाक्सचे झाले. गल्ली हसली, मामा म्हणायचा आपल्याकडच्या संघासाठी कधी अँटेना फिरवायला गच्चीवर चढला नाहीस, तरी दर रविवारी त्यांचं तेच.

मी सी खमैसला म्हटलं, एकदाच हो म्हणा. म्हातारा माणूस आहे, डोळे होऊन जातील, परत जाईल. तो रागावला नाही. म्हणाला, "पोरा, या शहरात माझ्या नावावर एकच गोष्ट आहे, की याने चेंडू घालवला. वाईट आहे, पण माझी आहे. दुसऱ्याचा गोल मी घेणार नाही. आंधळ्याकडून तर नाहीच."

मी म्हटलं आंधळे नाहीत, मोतीबिंदू आहे. म्हणाला, "मग लवकर कापून घ्या."

आता सांग, काय करू? खरं कळवलं तर ते कोट काढून ठेवतील आणि पुन्हा कधी निघणार नाहीत. सी खमैस खोटं बोलणार नाही. मला वाटतं, तो गावाला गेलाय असं सांगू. आधी डोळा होऊ दे.

आणि तू म्हणशील, नेहमीचंच, खोटं बोलायचं आणि पळायचं. खरं आहे. घर सोडलं त्या रविवारचं मी तुला कधी लिहिलं नाही. नऊ वर्षांचा असल्यापासून रविवारी दुपारी मी गच्चीवर अँटेना धरून उभा. खालून बाबा: डावीकडे, अजून थोडं, आता हलू नको. सफाक्सचे इतके सामने झाले आपल्या घरात, मी एकही पाहिला नाही. बाबांच्या आवाजावरून कळायचं काय चाललंय ते. त्या दिवशी ते ओरडत होते, डावीकडे, डावीकडे, आणि मी हात सोडला. मागच्या जिन्याने उतरलो. स्टँडवर आशूरच्या गाडीत एक जागा रिकामी होती. कुणाशी भांडण नव्हतं, काही नव्हतं. मला ते सगळं जिथे घडतं ते बघायचं होतं. बाबा किती वेळ ओरडत राहिले ते तू कधी कळवलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

पुन्हा सांगतो, हे त्यांच्या कानावर जाता कामा नये.

मासीन


सफाक्स,
गुरुवार, २० मार्च

ताई, सलाम.

तू वाचून दाखवलंस. मी पत्राच्या वर लिहिलं होतं, खाली लिहिलं होतं, तरी वाचलंस. मी दहा दिवस तुझ्यावर चिडून होतो म्हणून पत्र नाही. आता चिडलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर.

आठ तारखेला बाबा आशूरचा हात धरून गाडीतून उतरले. अंगात कोट. मी कपाळाचा मुका घेतला, त्यांनी माझा खांदा चाचपला आणि विचारलं, आठ नंबर कुठाय. मी ठरल्याप्रमाणे सुरू केलं की तो गावाला गेलाय. म्हणाले, "गप. तिझीरीने दुसरं पत्र दोनदा वाचलंय."

मग आलात कशाला, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"अठरा वर्षं मी त्या माणसाला शाबासकी देतोय, आणि त्याने चेंडू घालवला होता. कसा घालवला ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. आणि ऐकताना त्याचं तोंड दिसायला पाहिजे."

आशूर इतका हसला की त्याला दाराला धरून उभं राहावं लागलं. मला हसू आलं नाही. म्हणजे डोळ्याला सुरी लावायला ते तयार झाले ते एका माणसाला जाब विचारायला. मी पत्रात किती कारणं दिली होती.

खोलीवर आलो. बूट काढताना म्हणाले, "पाऊण तास ओरडत होतो. मला वाटलं तू पडलास. मग तिझीरी वर गेली." आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं. आणखी काय करणार होतो?

उजवा डोळा छान झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, ती त्यांनी मोजली, मग भिंत बघितली, मग खिडकीची चौकट बघितली आणि ती खालच्या अंगाला वाकडी आहे असं डॉक्टरांना सांगितलं. शेवटी माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांनी. बराच वेळ बघितलं. म्हणाले, "दाढी काढ." काढली.

बुधवारी, बारा तारखेला, सी खमैस खोलीवर आला, संत्री घेऊन. मी त्याला सगळं सांगून ठेवलं होतं, बाबांना माहीत आहे म्हणून. बाबांनी त्याला उजेडात खुर्ची दिली, स्वतः समोर बसले आणि म्हणाले, सांग. तो म्हणाला, या शहराने मला शिव्या दिल्या, माझ्यावर गाणं केलं, पण त्या वेळी नेमकं काय झालं ते आजवर कुणी विचारलं नाही. मग त्याने संत्री चटईवर मांडली. हा मी, हे दोघे अंगावर आले, मागे आपला एकही नाही. बाबांनी एक संत्रं दोन बोटं सरकवलं. म्हणाले इथे होता, मी पाहिलाय. तो म्हणाला, तुमच्या टीव्हीवर असेल. दीड तास चाललं. एकदा दोघे इतके चढले की शेजारचा बघायला आला, रोग्याला कोण मारतंय. जाताना सी खमैस म्हणाला, रविवारी मैदानावर चला.

गेलो. बाबा डोळ्यावर काळा चष्मा लावून, मध्ये सी खमैस, कडेला मी. आमच्या मागच्या ओळीत एक विशीतला माणूस होता. त्याने सी खमैसला ओळखलं. जन्मला नसेल नीट तेव्हा, पण ओळखलं.

"ए आठ नंबर, चेंडू आहे ना पायाशी? बघ हां, कोणीतरी नेईल."

आजूबाजूचे हसले. सी खमैस समोरच बघत राहिला, त्याला सवय आहे. बाबा उठले आणि चष्मा काढून मागे वळले. म्हणाले, "नाव आहे त्याला. सी खमैस म्हण."

"काका, तुम्ही लिबियाचे वाटतं. तुमच्याकडे संघ नाहीत का? आमच्यात कशाला?"

"आहेत की," बाबा म्हणाले. "पण आमच्याकडे समालोचक नाव घेत नाही. पाच नंबरने साताला दिला, साताने नवाला. कुणाचं नाव मोठं व्हायला नको. तुमच्याकडे नावं घ्यायचे, म्हणून मी तुमचं ऐकत आलो. आणि तू इथे बसून नंबर घेतोस?"

आपल्याकडचा कोणी सरकारी माणूस ऐकत नाही ना म्हणून मी चारही बाजूंना बघून घेतलं. बाबा थांबायला तयार नव्हते. दोघे अंगावर आले होते, मागे एकही पांढरा शर्ट नव्हता, त्या जागी तुझा बाप असता तरी चेंडू गेला असता, मी स्वतः पाहिलाय तो सामना. त्या माणसाने कुठे, असं विचारलं. बाबा म्हणाले, "घरी."

मग त्या माणसाने आपल्या पुडीतल्या भोपळ्याच्या बिया पुढे केल्या, आधी बाबांना, मग सी खमैसला. म्हणाला, घ्या, सी खमैस.

सी खमैसने घेतल्या. पुढची दहा मिनिटं त्याने एकही सोलली नाही, नुसती मूठ.

सामना बरोबरीत सुटला. बाबांच्या मते बचावफळी म्हणजे सुताराने नव्हे, सुताराच्या गाढवाने ठोकलेली आहे. मी फारसा पाहिला नाही. सवय नाही. त्यांच्याकडे बघून कळत होतं काय चाललंय ते.

आता निघायचं. परवा शनिवारी आशूरची गाडी आहे. बाबा समजतायत मी त्यांना स्टँडवर सोडायला येणार. मी दोन जागा सांगितल्यात. हे पत्र उद्या दुसऱ्या गाडीने पुढे पाठवतोय. फार दिवस राहणार नाही, आधीच सांगून ठेवतो. मे महिन्यात डाव्या डोळ्यासाठी त्यांना परत आणायचंच आहे, तेव्हा त्यांच्याबरोबर निघेन आणि सगळ्यांसमोर पुढच्या दाराने निघेन. मी येईपर्यंत तुला मला काय सुनवायचंय ते मनात जमवून ठेव. मी ऐकून घेईन.

या वेळी आधी कळवून येणारा,
तुझा भाऊ
मासीन