प्लॅटिनमचा आळ

मी, प्रभावती नवनाथ ढगे, वय सदुसष्ट, राहणार काळेवाडी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मनात राग आहे. पण रागाने बुद्धी गेलेली नाही.

१. काळेवाडीचे दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. ते माझी मुलगी रश्मी हिला. माझा दीर भैरू "घरातलं घरातच राहू द्या, वहिनी" म्हणत फिरतो. त्याला विटेचा तुकडाही नाही. कारण लिहिते.

माझे पती चाकणला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. तिथे कोळशाच्या भुकटीवर प्लॅटिनमचे अतिबारीक कण बसवलेली काळी पूड वापरतात. तिच्यामुळे हायड्रोजन दुसऱ्या पदार्थाला चटकन जोडला जातो. पूड स्वतः खर्च होत नाही, म्हणून काम झाले की गाळून जपतात, तीही ओलीच, कारण वाळली तर पेट घेते. महाग, म्हणून कुलपात. (हे मी नंतर वाचनालयातून पुस्तके आणून समजून घेतले. माझी शाळा चौथीपर्यंतच.)

एकदा त्या पुडीची बाटली सापडेना. भैरू तिथेच गेटवर वॉचमन. त्याने साहेबांना सांगितले, "दादाच्या घरी डबीत काळी पूड असते." ती माझी मिश्री होती, तव्यावर भाजलेली तंबाखू. रोज सकाळी माझ्याच ओट्यावर बसून भैरू तीच दाताला लावायचा. तरी बोलला. त्याला सुपरवायझर व्हायचे होते.

कंपनीची जीप आली. सगळी गल्ली गोळा झाली. साहेबाने डबी पिशवीत घालून सील केली. मी म्हटले, "साहेब, आधी दात घासून बघा."

"बाई, तपासणीत कळेल."

तंबाखूच निघाली. बाटली त्यांच्याच दुसऱ्या कपाटात सापडली. माफी कोणी मागितली नाही. गल्लीने जीप पाहिली होती. निकाल तिला कोणी सांगितला नाही. पोरेसुद्धा यांना "प्लॅटिनमवाले" म्हणत. तेच नाव घेऊन हे गेले.

२. शिलाई मशीन व पुस्तके रश्मीला. पुस्तके रद्दीत घालू नयेत.

३. कंपनीकडून हार आला तर परत पाठवावा.

४. मला मुलगा नाही, म्हणून अग्नी आपणच देणार, असे भैरू आताच सांगतो. द्यावा. पण आधी, माझी तिरडी गल्लीत असताना, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणावे: "दादा चोर नव्हता. मी खोटं बोललो." पुटपुटलेले चालणार नाही. नाही म्हटला, तर अग्नी रश्मी देईल आणि त्याने खांदाही देऊ नये.

काळेवाडी, १४ नोव्हेंबर २०२५
सही: प्रभावती नवनाथ ढगे

साक्षीदार:
१. इंदुताई गायके, शेजारीण. (सही)
२. शालनबाई भैरू ढगे, भैरूची बायको. तिला सगळे वाचून दाखवले. म्हणाली, "अक्का, मोठ्यानं म्हणायचं, असं लिहिलंय ना? मग द्या पेन." (सही)