उभ्या स्क्रीनची फाइल कुठे ठेवावी, याविषयी थोरल्या मेहुण्यांना

आदरणीय दादा,

दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या हाताला कटिंग मशीनचं ग्रीस आहे, कागदावर अंगठा उमटला तर सही समजून सोडून द्या). वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमच्या दुकानाची चौकशी करत नाही. लोकांचे डोळे सुधारत नाहीत आणि चष्मे टिकत नाहीत, तोवर तुमची काळजी नाही. इकडे छापखाना आणि मी, दोघेही ठणठणीत.

तुमची धाकटी बहीण विश्रांतीला तुमच्याकडे आली आहे. मान आखडल्याचं तिने सांगितलंच असेल. माझ्यामुळे आखडली, हेही सांगितलं असेल. ती परत कधी येणार, हे मात्र तिने मला सांगितलेलं नाही. म्हणून तिच्या सांगण्यात राहून गेलेला तांत्रिक भाग मी पुरा करतो, कारण दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय तुम्ही निकाल देत नाही (आमचं लग्न ठरवताना दिलात, तेवढा एक अपवाद).

ती पुस्तकांची पानं मांडते. पान उभं असतं, म्हणून मी तिची स्क्रीन स्टँडवर उभी फिरवून दिली. पण स्क्रीन फिरवली म्हणून चित्र फिरत नाही. आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे (मी स्वतः चढवलं, कुठल्याही क्लासची पायरी न चढता). त्यात स्क्रीनवर चित्र उमटवणारा एक कारभारी बसलेला असतो. 'इथली स्क्रीन उभी आहे' हे त्याला एका छोट्या फाइलीत लिहून द्यावं लागतं. प्रश्न एवढाच, की हे लिहायचं कुठे.

शोधता शोधता मला /usr/share/X11/xorg.conf.d/ ही जागा सापडली. तिथे लिनक्ससोबत आलेल्या, कंपनीच्या फाइली शिस्तीत बसल्या होत्या. त्यांतल्याच एकीत मी माझ्या ओळी बसवल्या. काम फत्ते! पुढे कित्येक महिने पान ताठ उभं. मग अपडेट आलं. तुमच्या दुकानात फ्रेमवाल्या कंपनीचा तो फिरता स्टँड आहे ना? कंपनीचा माणूस नवा स्टँड घेऊन आला, की जुन्यावर तुम्ही चिकटवलेल्या चिठ्ठ्या तो जपून ठेवतो का? स्टँड उचलतो आणि चालू लागतो. तसंच झालं. स्क्रीन उभी आणि पान आडवं! नेमकं त्याच दिवशी एक पुस्तक छपाईला जायचं होतं. मी म्हटलं, दोन मिनिटं दे. तिने तेवढ्यापुरती मान तिरकी केली आणि काम चालू ठेवलं. ती दोन मिनिटं संध्याकाळपर्यंत चालली, हे मला मान्य आहे.

पण मी स्वस्थ बसलो नव्हतो. मशीनच्या खोलीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मी तिच्या कॉम्प्युटरात शिरलो होतो. आपल्या वस्तूची खरी जागा /etc/X11/xorg.conf.d/. हा आपला स्वतःचा खण, कंपनीचं अपडेट इथे हात लावत नाही. आधी सापडला नाही, कारण तो आमच्याकडे नव्हताच, स्वतः बनवावा लागतो. बनवला. त्यात नवी फाइल लिहून नाव दिलं 10-ubhi.conf.navi. इथूनच तिचा कॉम्प्युटर बंद करून चालू केला, इथूनच तपासलं. ढिम्म! पुन्हा केला. पुन्हा ढिम्म! मग उलगडलं, की नावाचा शेवट .conf नेच व्हावा लागतो. शेपटीला आणखी काही जोडलेलं दिसलं, की कारभारी फाइल उघडूनही पाहत नाही. (असा काटेकोर माणूस मला आवडतो, पण त्याने तसं आधी सांगावं.) शेपटी छाटली, कॉम्प्युटर पुन्हा बंद करून चालू केला आणि इथूनच ओरडलो, "झालं बघ!"

"या, बघा काय झालंय ते," ती म्हणाली.

मधल्या वेळात तिने स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्क्रीनच आडवी करून टाकली होती. पान लहान, पण सरळ दिसत होतं. आणि आता माझ्या फाइलीने तेच पान पुन्हा आडवं पाडलं.

"तुमच्या हाताला यश आलं, की माझी मान वाकडी होते," एवढंच बोलून तिने बॅग भरली.

दादा, तुम्हीच सांगा, यात चुकलं कोण? दोघांचंही बरोबर होतं, फक्त एकाच वेळी. आता जागा पक्की, नाव पक्कं. ती परत येईल तेव्हा पान ताठ उभं दिसेल, हा माझा शब्द.

आपला,
(स्वतःच शिकलेला) मेहुणा

ता. क. : शब्द पाळायला एक लहानशी अडचण आहे. निघताना तिने ती फाइल पुसली आणि पासवर्ड बदलला. /etc मध्ये त्याच्याशिवाय काडी हलत नाही. (तोडता येतो, मला येतो, पण बायकोने घातलेलं कुलूप तोडणं हे तांत्रिक काम नव्हे.) जेवताना, मानेची चौकशी करता करता, सहज विचारून पाहाल का?

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच तिचा फोन आला. मान सुटली, रविवारी येते म्हणाली! पासवर्ड ती स्वतः घालणार, फाइलही तीच लिहिणार. मी फक्त स्क्रीन उभी करून ठेवायची. तेव्हा वरची विनंती रद्द समजा, त्याऐवजी दुसरी करतो. स्क्रीन डावीकडे वळवून उभी करायची की उजवीकडे? फाइलीत कोणती बाजू लिहिली होती ते तिला पक्कं ठाऊक असणार, मला आठवेना. बाजू चुकली तर पान डोक्यावर उभं राहील, आणि मग नुसती मान नव्हे, अख्खी बायकोच उलटी करावी लागेल. माझं नाव न घेता विचारा. चष्मेवाल्याने डावं-उजवं विचारलं तर कोणाला संशय येत नाही.